म्होरकीच्या वाटेवरचं मचाण

गेले काही आठवडे हेनिंग शीळ घालत घरात वावरत होता, आणि त्यामुळेच अल्मुट धास्तावली होती. पन्नाशीला पोचलेला तिचा हा मुलगा एरवी नोव्हेंबरात शीळ घालत नाही. नोव्हेंबरात बिटाची काढणी चिखलात अडकते, ट्रॅक्टर रुततात, आणि तो संध्याकाळी कोरडा पाव चावत टेबलाशी गप्प बसतो. या वर्षी मात्र तो कुत्रीशी लाडानं बोलत होता. काल तर त्यानं आईच्या कपात आपणहून कॉफी ओतली. लांबलेलं दुखणं बरं व्हावं तसा चेहरा झाला होता त्याचा. कुठलीही आई सुखावली असती. अल्मुटला मात्र झोप लागेना.

त्याचं कारण ओसरीतल्या भिंतीवर टांगलेलं होतं. दरवर्षी हाक्याच्या, म्हणजे हाकारे घालून सावज उठवायच्या शिकारीआधी हेनिंग तिथं जंगलाचा मोठा नकाशा लावी. प्रत्येक मचाणाच्या जागी एक खिळा, आणि खिळ्याला पाहुण्याच्या नावाची लाकडी चकती. दलदलीच्या काठच्या मचाणाचा खिळा कायम रिकामा असे. रानडुकरांच्या कळपाची म्होरकी मादी पिल्लांना घेऊन तिथूनच निसटते, म्हणून तिथं कुणी बसायचंच नाही. यंदा त्या खिळ्यावर ताजी कापलेली चकती होती. लाकडाचा वास अजून गेला नव्हता. नाव होतं हार्टमुट ग्रीझे.

पूर्व जर्मनीतल्या या टेमनिन गावातली फॉन टेमनिन घराण्याची जमीन पंचेचाळीस साली, युद्धाच्या शेवटी रशियन फौज आली तेव्हा गेली. हेनिंगच्या आजोबांनी आजारी बायको आणि चांदीचे चमचे घोडागाडीत घातले आणि पश्चिमेची वाट धरली. हेनिंग जन्मला तो पश्चिमेकडच्या होल्श्टाइनात, एका दंतवैद्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर. नावात खानदानी 'फॉन' आणि खिडकीत टोमॅटोच्या कुंड्या, एवढीच काय ती जहागीर उरली होती. शाळेतली पोरं विचारायची, "काय जहागीरदार, आज कुंडी नांगरली का?" हेनिंग मारामारी करत नसे. तो लक्षात ठेवी. ज्या मुलानं त्याच्या सायकलची हवा सोडली होती, त्याला त्यानं चार वर्षं थांबून, सहलीच्या दिवशी, गोड बोलून भलत्याच बसमध्ये बसवलं. पोर दिवसभर कुठल्याशा बटाट्याच्या कारखान्यात अडकलं. अल्मुट तेव्हा पोट धरधरून हसली होती.

बर्लिनची भिंत पडल्यावर तिचा नवरा आखिम वडिलांच्या गावी परतला. जमीन फुकट परत मिळणार नव्हती. त्यानं थोडी खंडानं घेतली, थोडं जंगल विकत घेतलं. गावची बाकी सगळी शेती ग्रीझेच्या हातात होती. साम्यवादी राजवटीत सामूहिक शेती होती तेव्हा ग्रीझे तिचा अध्यक्ष होता. राज्य बदललं, दारावरची पाटी बदलली, खुर्चीतला माणूस तोच राहिला. शिकारीचे हक्कही त्याच्याकडेच. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं आखिमला शिकारीला बोलावलं, तेव्हा आखिम लहान मुलासारखा हरखला. "अल्मुट, आपल्याला बोलावलंय! म्हणजे आता आपण इथले झालो."

त्या सकाळी ग्रीझेनं त्याला दलदलीच्या मचाणावर स्वतः नेऊन बसवलं, खांद्यावर थोपटलं आणि सांगितलं, "इथून एकटा, म्हातारा नर येतो. पहिलं येईल ते उडव."

धुक्यात पहिलं आलं ते आखिमनं उडवलं.

संध्याकाळी मशाली पेटल्या. मारलेलं सावज स्प्रूसच्या फांद्यांवर ओळीनं मांडलं होतं, सगळं गाव जमलं होतं. ज्यानं जे मारलं, त्याला यजमान हिरवी डहाळी देतो आणि तो ती टोपीत खोवतो. ग्रीझे आखिमच्या सावजापाशी आला, वाकला, डुकरिणीला बुटानं उताणं केलं. सडांना दूध होतं.

"मंडळी," तो म्हणाला, "जहागीरदार परत आलेत. आल्याआल्या पहिली गोळी आईला घातली."

कुणीतरी खिदळलं, मग सगळेच हसले. म्होरकीला मारायचं नाही, हे तिथल्या पोराटोरांना कळतं. ती गेली की कळप उधळतो आणि पिल्लं झुडपात उपाशी मरतात. शिकाऱ्यानं चोरी केली तर एक वेळ लोक विसरतील, हे विसरत नाहीत. ग्रीझेनं हातातली डहाळी चिखलात टाकली. मग तो शिंग फुंकणाऱ्यांकडे वळला. त्यांत एकोणीस वर्षांचा हेनिंग उभा होता.

"वाजवा की हो, धाकटे जहागीरदार! बापाचा पराक्रम आहे. की दम संपला?"

आणि हेनिंगनं वाजवलं. एक सूर चुकला नाही.

पुढच्या महिन्यात त्यांच्या फाटकाला कुणीतरी रोज दुधाची बाटली टांगायचं, बाळांची, रबरी बोंडाची. आखिमनं बंदूक पुन्हा हातात धरली नाही. दुसऱ्या वर्षी तो गेला. डॉक्टर हृदयाचं कारण म्हणाले. अल्मुटनं ते कधी मानलं नाही.

सगळ्यांना वाटलं, पोरगा आता गाशा गुंडाळणार. पोरगा शेतकीचं शिक्षण संपवून परत आला आणि कोठारामागे चाकांवरच्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये राहू लागला. हिवाळ्यात आतल्या भिंतींवर बर्फ धरायचा. त्याच्या डिझेलच्या टाकीत कुणी साखर टाकली, नव्या कुंपणाच्या तारा कापल्या. तो टाकी धुवायचा, तारा जोडायचा, आणि रस्त्यात ग्रीझे भेटला की टोपी काढून "नमस्कार, ग्रीझेसाहेब" म्हणायचा. लोक म्हणाले, बापापेक्षा मऊ आहे. मग एकदा गावच्या खानावळीत एका जुन्या हाकाऱ्याची जीभ बिअरनं सैल झाली. "अरे, ती वाट म्होरकीची, हे कुत्र्यालाही ठाऊक होतं. म्हातारा नर कसला! ग्रीझेनं तुझ्या बापाला मुद्दाम बसवलं तिथं." हेनिंगनं त्याच्या बिअरचे पैसे चुकवले आणि घरी येऊन आईला सगळं सांगितलं. "मग?" असं आईनं विचारलं. तो म्हणाला, "मग काही नाही. वेळ आहे आपल्याकडे."

वेळ त्यानं सत्कारणी लावला. गावातल्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून इस्पितळात न्यायचा, त्यांच्या छपरावरचा बर्फ काढायचा, ख्रिसमसला बदक पोचवायचा. एकेकानं ग्रीझेकडची जमीन काढून त्याला खंडानं दिली. त्याच्या मोहरीची पिवळी शेतं दर वसंतात थोडी पुढे सरकायची, थेट ग्रीझेच्या परसापर्यंत आली. शेवटी जमीनमालकांच्या सभेत हात वर झाले आणि शिकारीचे हक्कही हेनिंगकडे आले. त्या दिवसापासून ग्रीझेला अख्ख्या जंगलात एक ससा मारायची सोय उरली नाही. शेती गेल्याचं त्याला एवढं लागलं नव्हतं. हाक्याच्या दिवशी तो हिरवा कोट घालून चर्चजवळच्या बाकावर बसायचा आणि लांबून शिंगं ऐकायचा. अल्मुटनं त्याला तसं पाहिलं होतं. तिला बरं वाटलं होतं, अगदी गरम सूप पोटात गेल्यासारखं.

हेनिंगची बायको काट्रिन एवढी वर्षं थांबली नाही. जाताना ती दारात म्हणाली, "तू लग्न ग्रीझेशी केलंयस, हेनिंग. मी इथं पाहुणीच होते." त्यांची मुलगी फ्रीडा सुट्टीत येते. यंदा एकोणीस पूर्ण झाली. आजोबांचं शिंग तिनं माळ्यावरून शोधून काढलं आणि शिकली. उद्या ती पहिल्यांदा वाजवणाऱ्यांत उभी राहणार होती.

आणि आता हे आमंत्रण! ऑक्टोबरात पावाच्या गाडीपाशी ग्रीझेची बायको वाल्ट्राउट भेटली. तिचे डोळे चमकत होते. "तुमच्या हेनिंगनं आमच्या म्हाताऱ्याला बोलावलंय हो! रोज कोट घासतोय, जसं काही लग्न आहे त्याचं." मग ती जवळ सरकली. "एक काळजी आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. कुणाला सांगू नका."

अल्मुटनं जेवताना सहज सांगितलं. हेनिंगची सुरी थांबली.

"कुठला डोळा?"

"उजवा."

"नेमबाजीचा," हेनिंग म्हणाला, आणि पावाला अगदी कडेपर्यंत लोणी लावत राहिला. दुसऱ्या दिवसापासून शीळ सुरू झाली.

काल ग्रीझे स्वतः आला. हातात वाल्ट्राउटनं घातलेल्या भोपळ्याच्या लोणच्याची बरणी. उंबऱ्यावर त्यानं बूट इतका वेळ पुसले, की अल्मुटला आत जाऊन परत यावं लागलं.

"फॉन टेमनिन," तो हेनिंगला म्हणाला, "मला वाटलं नव्हतं तुम्ही बोलवाल."

"जुन्या गोष्टी किती धरून बसायच्या?" हेनिंगनं हात पुढे केला. "तुमच्यासाठी चांगली जागा ठेवलीय. दलदलीचं मचाण. तिथून एकटा, म्हातारा नर येतो. पहिलं येईल ते उडवा."

कॉफीचा ट्रे अल्मुटच्या हातात होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि ग्रीझेच्या तोंडाकडे पाहिलं. ग्रीझेला काही आठवलं नाही. स्वतःचेच शब्द होते, पण म्हातारा आनंदानं बहिरा झाला होता. पुन्हा पुन्हा हात दाबत राहिला. "मोठ्या मनाचे आहात. खरंच, मोठ्या मनाचे."

आज दुपारी हेनिंग ओसरीत बसून बुटांना चरबी चोळत होता, तेव्हा अल्मुट त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्या वाटेवर काय आहे?"

"आई, तुला ठाऊक आहे काय आहे." त्यानं मोबाइल दाखवला. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं टिपलं होतं. उंच गवतातून म्होरकी चाललेली, मागे उशिरा झालेली पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. पिल्लं दिसतच नव्हती, नुसतं गवत हलत होतं. "चांगले डोळेसुद्धा फसतील. त्याचे तर..."

"परवाना जाईल त्याचा."

"जाऊ दे. वर्तमानपत्रात येऊ दे. डहाळी माझ्याकडून घ्यायला येईल ना तो, सगळ्या गावासमोर? मी काय बोलायचं ते तोंडपाठ आहे माझं. एकतीस वर्षं घोकतोय." तो वर पाहून हसला. "तुला नको आहे का हे? खरं सांग."

अल्मुटला हवं होतं. तिनं ते दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहिलं: मशाली, चिखल, ग्रीझेची लोंबणारी मान. तिला ते आवडलं, अगदी मनापासून आवडलं. आखिमच्या फाटकावरची एकेक बाटली तिनं स्वतः उतरवली होती. मग त्याच दृश्यात शिंग घेतलेली फ्रीडा दिसली, आणि ग्रीझेच्या जागी उभा, मान वर केलेला, हसणारा हेनिंग.

"आणि फ्रीडा वाजवणार?" तिनं विचारलं.

"मी नव्हतं वाजवलं?"

"वाजवलंस. त्यानंतर तू दुसरं काय केलंस रे आयुष्यात?"

हेनिंगनं बूट खाली ठेवला. "जमीन परत आणली! बाबांना जमलं नाही ते केलं. तू त्याची बाजू घेतेस? त्या माणसाची?"

"बाजू नाही घेत. तो मेला तरी मी फूल वाहणार नाही. चकती काढ तिथली, हेनिंग. दुसरीकडे बसव."

"नाही काढणार." त्यानं कुत्रीला शीळ घातली आणि मचाणांच्या शिड्या तपासायला निघून गेला. अंगणातून गाडीचा आवाज लांब गेला.

अल्मुट नकाशापुढे उभी राहिली. चकती तिलाही काढता आली असती. हेनिंगनं परत लावली असती. सकाळी ग्रीझेला पाहुण्यांसमोर बाजूला घेतलं असतं तर, "म्हातारीला भ्रम झालाय," म्हणून हेनिंग गर्दीत हसला असता. ग्रीझेला आजच कळायला हवं होतं.

कळवताना अट घालावी, असं तिला फार वाटलं. आधी सर्वांसमोर सांग आखिमला कसं बसवलंस ते, मगच मी तोंड उघडीन. पण अट घातली तर तोही एक सापळाच, आणि सापळे लावायला घरात एक जण पुरे होता. आधी सांगायचं. कुठल्या वाटेवर तुला बसवलंय, कुणी बसवलंय आणि ही युक्ती कुणाकडून शिकलाय, सगळं. त्यानंतर गप्प राहायचं आणि त्याच्या श्वासाचा आवाज ऐकायचा. त्याला आठवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आपल्याला कुणी वाचवलं, हे उरलेलं आयुष्य रोज कोट घालताना त्याला आठवलं पाहिजे. एवढं तरी तिला स्वतःसाठी हवं होतं.

हेनिंग तिच्याशी बोलणार नाही, कदाचित कितीतरी दिवस. रागावू दे. उद्या मशालींपाशी उभा राहून त्याच्याजवळ बोलायला काही नसेल, आणि फ्रीडा एखाद्या साध्या हरणासाठी शिंग वाजवेल.

तिनं हात पुसले, ओसरीतला फोन उचलला आणि ग्रीझेंचा नंबर फिरवला. वाल्ट्राउटनं लगेच घेतला. मागे कुणीतरी खुशीत गुणगुणत होतं.

"वाल्ट्राउट," अल्मुट म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला फोन द्या. म्हणावं, आखिमची बायको बोलतेय."