आईची एकच निगेटिव्ह

पुण्यात एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी त्यांचा स्कॅनर वापरायला दिला, हे त्यांचे उपकारच. आई गेल्यावर तिची ही एकच कृष्णधवल निगेटिव्ह उरली, तीही आता आंबट वास मारतेय. फिल्म सडायच्या आत तिचा चेहरा वाचवायचाच.

सातवीत शाळा सोडून कामासाठी निघालो, त्या दिवशी आमच्या गावी, धानोऱ्याला, आई तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती; सत्तर पानांचा एक पुडा. ही निगेटिव्ह त्याच दिवसाची. फोटोवाला म्हणाला, "बाई, हलू नोका."

"मोजणी चुकन ना, भाऊ!" म्हणत ती ओठांतल्या ओठांत मोजतच राहिली. तिने फोटो बिघडवला म्हणून मी चिडलो होतो.

तिसऱ्या स्कॅनला डोळे स्वच्छ आले. मालकांनी विचारलं, "ओठ हललेत. नीट करून देऊ?"

"नाई भाऊ. मोजून राह्यली ते. मोजू द्या."