तीन ठिपक्यांची सही

पेठेकाकांना चहा दिला की कप रिकामा होईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवावी लागे. आम्ही नौपाड्यातल्या त्या इमारतीत राहायला आलो तेव्हा आईला हे ठाऊक नव्हतं. काका शेजारधर्म म्हणून काकूंना घेऊन भेटायला आले, दोन घोट प्यायले, "कप बरा दिसतोय हो," म्हणाले आणि बूड बघायला तो सरळ उलटा केला. उरलेला चहा आमच्या नव्या सोफ्याने प्यायला. "छे, यंत्रावरचा आहे," काका हिरमुसून म्हणाले. सोफ्याबद्दल चकार शब्द नाही. पेठेकाकूंनी मात्र आईच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "आमच्या लग्नात ह्यांनी रुखवतातली बरणीसुद्धा उलटी केली होती," पुसता पुसता त्या म्हणाल्या. "आत लोणचं होतं."

काकांची उभी हयात एका बँकेत चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात गेली होती. वस्तू उलटी करून बघायची खोड जुनीच; निवृत्तीनंतर डोळ्यांना काम उरलं नाही, म्हणून ते हाताने घडवलेल्या जुन्या मातीच्या भांड्यांच्या मागे लागले. डोंबिवलीतल्या एका भंगारवाल्याकडे त्यांना निळसर राखाडी रंगाचा एक जग मिळाला. गुबगुबीत पोटाचा, आणि कानाखाली अंगठ्याएवढा खळगा असलेला. बुडाशी तीन पांढरे ठिपके होते. ही करणाऱ्याची सही, असं काकांनी ठरवून टाकलं आणि त्या अनोळखी कारागिराचं नाव ठेवलं 'त्रिबिंदू'. मग जिथे जिथे बुडाला तीन ठिपके दिसतील ते भांडं घरी येऊ लागलं. चार वर्षांत नऊ झाली. प्रत्येकाचं टिपण फाइलीत: 'सुरुवातीची शैली', 'हात बसल्यानंतर'. एक वाडगा फारच बेंगरूळ होता, त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'बहुधा आजारपणात'.

"पण काका, हवाय कशाला तो माणूस?" मी एकदा विचारलं.

"अगं मृणाल, हजारो सह्या पास केल्या मी. पण त्यातला एकही माणूस कधी समोर पाहिला नाही. आता काचबिंदूने एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसरा शाबूत आहे तोवर एक तरी बघायचाय. त्याला सांगायचंय, बाबा रे, तुझा जग अजून गळत नाही."

हे ऐकून मला भरून आलं आणि त्याच भरात मी घोडबंदर रोडला कुंभारकामाच्या क्लासला नाव घातलं. म्हटलं, काकांना थोडी मदत होईल. तिसऱ्याच रविवारी आमच्या सरांनी भट्टी उघडून दाखवली. भांड्याच्या बुडाला लावलेलं ग्लेझ, म्हणजे ती चकाकी, वितळून फळीला चिकटू नये म्हणून भांडं तीन टोकांच्या टेकूवर ठेवतात. भाजून निघालं की टोकं टेकलेल्या जागी तीन ठिपके उरतात. माझ्या वाकड्या कपालाही उरले होते. म्हणजे मीसुद्धा त्रिबिंदूच.

मी घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग त्याच पदराने डोळे पुसले. "ह्यांना बोलू नकोस हां," त्या म्हणाल्या. "त्या फाइलीवर जीव आहे त्यांचा." जरा वेळाने म्हणाल्या, "जग कुणाचा होता, ते त्या भंगारवाल्याला कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. काकांना ते मंजूरच नव्हतं. "सही ताडताना आम्ही खातेदाराला विचारत नसू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "विचारलं की ती तपासणी राहिली कुठे?"

मग काकू आणि मीच डोंबिवली गाठली. "अहो, काका चार वर्षं येतायत," भंगारवाला म्हणाला. "भिंग लावून बघतात नि जातात. मला वाटलं, त्यांना बोलता येत नसेल. टिटवाळ्याच्या मॅडमचा माल तो. नवीन बिल्डिंगमध्ये शिफ्ट झाल्या तेव्हा मीच उचललेला. नंबर देऊ का?"

"हे नियमबाह्य आहे," घरी येऊन नंबर पुढे ठेवताच काका कडाडले. दहा मिनिटांनी बघते तर शर्टाला इस्त्री करत होते.

टिटवाळ्याला त्या मॅडमनी, म्हणजे वसुधाताईंनी, दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, बोटं सांधेदुखीने वाकलेली. घरात मातीचं एकही भांडं नव्हतं. चहा आला तोही स्टीलच्या पेल्यात. काकांनी तो भीतभीत संपवला आणि सवयीने उलटा केला. मग पिशवीतून जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला जग काढला. वसुधाताईंनी तो हातात घेतला, पण बूड बघितलंच नाही. कानाखालच्या खळग्यात अंगठा ठेवला, तो तिथे नेमका बसला.

"माझाच," त्या म्हणाल्या. "कान जोडताना दाबला होता. कुठे होता हा इतकी वर्षं?"

"आणि खालची तीन ठिपक्यांची सही?" काकांनी विचारलं. मी टाइल्स मोजू लागले.

"ती कसली सही? भट्टीतल्या टेकूचे डाग ते. कितीतरी भांड्यांना असतात."

नऊ भांडी, चार वर्षं, ती फाइल, सगळं त्या खोलीत आमच्यामध्ये येऊन बसल्यासारखं झालं. मला माझाच राग आला. आधीच सांगायला हवं होतं. मग काकांनी घसा खाकरला. "मग सही का नाही केलीत?"

"कुणी उलटं करून बघेल असं वाटलंच नव्हतं हो," वसुधाताई म्हणाल्या.

काका उठून अगदी जवळ गेले आणि शाबूत डोळ्याने त्यांच्याकडे नीट बघत म्हणाले, "तुमचा जग अजून गळत नाही." वसुधाताईंनी जग पोटाशी धरला आणि रडू लागल्या. काकांनी तो परत मागितला नाही. परतताना रिकाम्या पिशवीत बनियन तेवढं होतं.

काका गेले त्याला दीड वर्ष झालं. ती फाइल त्यांनी शेवटपर्यंत टाकली नाही, फक्त 'त्रिबिंदू' खोडून वर 'पुष्कळ माणसं' असं लिहिलं. टिटवाळ्याहून आल्यावर आठवड्याभराने मी त्यांना माझ्या त्या वाकड्या कपात चहा दिला होता. काकूंनी सवयीने फडकं हातात धरून ठेवलं. काकांनी शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला आणि कप सरळच खाली ठेवला.

"उलटा नाही करून बघणार?" मी विचारलं.

"कशाला?" काका म्हणाले. "करणारी समोर बसलीय की."