वाळूतली राखण

बालीच्या सहलीत ओझरकडच्या एक मावशी होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. सानूरच्या किनाऱ्यावर चेंडू खेळणाऱ्या पोरांचा धुडगूस चालला होता. तिथेच वाळूत पानाचा छोटा द्रोण होता, आत फुलं आणि उदबत्ती. कुणाच्या हातून पडला असेल म्हणून मावशींनी तो उचलून कठड्यावर ठेवला. तिथली एक बाई हसत आली, हा देवाचा नैवेद्य, खालीच ठेवायचा, असं खुणेने सांगत तिने तो परत वाळूत ठेवला. मी ओशाळले. मावशी नाहीत.

"देव खालीच बसनार म्हनतीये. बसू दे, मी हाय ना," म्हणत त्या द्रोणाशेजारी बसल्या आणि येणारा प्रत्येक चेंडू हाताने परतवू लागल्या.

"मावशी, समुद्र तरी बघा!"

"तो कुठं पळून चाललाय? याला कोनी तुडवलं तर?"

परत आल्यावर गंगापूर रोडला घरी सगळ्यांना समुद्राचे फोटो दाखवले. प्रत्येकात मावशी आहेत, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या.