जमिनीवर ठेवलेला चाकू

काल खेडच्या बाजारातून नारळाची रोपं आणली. त्यांच्याभोवतीचा ओला सुंभ कात्रीने कापताना जो वास आला, त्याने मला थेट आमच्या सावर्ड्याच्या अंगणात नेऊन उभं केलं. तेव्हा मी कॉलेजात होते.

अण्णा, माझे वडील, पहाटे गेले होते. अंगणात काका तिरडी बांधत होते. सुंभ कापायची वेळ आली तशी त्यांनी नेहमीसारखीच मला हाक मारली, "अण्णांचा चाकू आण गो."

खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून मी तो मिटणारा चाकू काढला आणि काकांपुढे जमिनीवर ठेवला. "चाकू हातात देऊ नये, भांडणं होतात," असं अण्णाच सांगायचे. काकांनी तो उचलून उघडला. पात्यावर आदल्या दिवशीच्या कैरीचा चीक वाळलेला होता, त्याला सुंभाचे तंतू चिकटत होते. मी तेवढंच बघत होते. रडू येत नव्हतं.

काम झाल्यावर काकांनी पातं लेंग्याला पुसलं, चाकू मिटला, ओटीवर गेले आणि रोजच्या सवयीने तो निजवलेल्या अण्णांच्या उजव्या हाताजवळ जमिनीवर ठेवला.

अण्णा तो उचलतील म्हणून आम्ही दोघंही जरा वेळ थांबलो. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.