भिंतीवरची होडी

तोंडवलीत तेव्हा अजून मातीच्या भिंती होत्या. गणेशचतुर्थी जवळ आली की गणपतीमागची भिंत तांबड्या मातीने नव्याने सारवायची आणि तिच्यावर चुन्याने चित्रं काढायची. वाडीतल्या बहुतेक घरांतली ही चित्रं शेवंतीच्या हातची. सकाळी मासळी विकून आली की नारळाच्या सोडणाचा काथ्या ठेचून केलेली कुंचली घेऊन ती घरोघर जाई. तिच्या वेली डुलायच्या, मोर तर आता ओरडतील असे वाटायचे.

फक्त तिच्या घरच्या भिंतीवर एक कोपरा नवऱ्याचा, महादूचा असे. तिथे तो दर वर्षी होडी काढी. "तुझे मोर माझ्या होडयेत बसवू नको गो," तो म्हणायचा, "वल्हवूक येणा नाय तेंका."

महादू २००३च्या शिमग्यात गेला. त्या वर्षी घरात गणपती आणला नाही, म्हणून भिंतही तशीच राहिली. पुढच्या वर्षी गणपती यायचा ठरला. शेवंतीने साऱ्या वाडीच्या भिंती रंगवल्या. आपल्या भिंतीला मात्र हात लावेना. सारवले की महादूची होडी जाणार होती.

चतुर्थी दोन दिवसांवर आली, तशी जाऊ सुगंधा दारात उभी राहिली. "गावाच्यो भिंती रंगयलंस, आणि घरच्या देवाक शिळी भिंत घालतलंस?"

सून नम्रता हळूच म्हणाली, "आई, बाबांची होडी ठेवया. भोवतीनच सारवूया."

शेवंतीला ते पटले. तिने होडी सोडून बाकीची भिंत सारवली आणि दोन पावले मागे सरून पाहिले. चहूकडे ओली, लालभडक माती आणि कोपऱ्यात फिकट, भेगाळलेला तुकडा. त्यात होडी अडकून पडलेली.

"ह्यां बरां नाय," ती म्हणाली.

"कित्याक?" नम्रताने विचारले.

"वाळयेर ओढलेली होडी पाण्यात घातलीच नाय, तर फळयो फुटतत तिच्यो. ह्येंनी माका शिव्या घातल्यो असत्यो."

दर वर्षी जुनी होडी महादू स्वतःच हाताने पुसायचा, आणि पुसताना शीळ घालायचा. शेवंतीला शीळ येत नव्हती. तिने मातीचा गोळा घेतला आणि वल्ह्यांपासून सुरुवात केली. चुना मातीत मिसळून क्षणभर गुलाबी झाला, मग दिसेनासा झाला.

सुगंधाने पदर खोचून खालची बाजू सारवायला घेतली.

"नम्रता," शेवंती म्हणाली, "चाय ठेव गो. भिंत सुकाक वेळ आसा."