बाबूकाकांचं चाक

आमच्या बंदरावरच्या बर्फ कारखान्यात बाबूकाका जनरेटर सांभाळायचे. व्होल्टेज आपोआप सावरणारं त्याचं कार्ड सहा वर्षांपूर्वी जळलं, आणि नवं आणायला मालकाला मुहूर्तच मिळेना. मग काका शेजारी खुर्ची टाकून बसत. डोळा काट्यावर, हात फील्डच्या चाकावर. कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज पडायचं, काका चाक चढवायचे. बंद झाला की ते उसळायचं, म्हणून चाक आधीच उतरवावं लागे. बंद करण्याआधी कॉम्प्रेसरवरच्या माणसाने ओरडायचं, "काका, सोडतोय!" त्यांचं "सोड" आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. तो माणूस मी, दर्शन.

"बाबूचा हात असताना कार्ड कशाला?" मालक म्हणायचा, आणि काका खूश. मालक मेल्याने फुकटच्या कौतुकावर सहा वर्षं काढली.

वादळात विजेचे खांब आडवे झाले, दवाखान्याकडे जाणारा हेदवीचा रस्ता झाडांनी बंद. काकांची बायको, गंगाकाकी, ऑक्सिजनच्या मशीनवर जगत होती. तिला खाटेसकट कारखान्यात आणलं आणि मशीन आमच्या जनरेटरवर लावलं. खाट मधल्या खोलीत, एका दाराशी काका, दुसऱ्या दाराशी मी. मालकाला म्हटलं, दोन दिवस कॉम्प्रेसर बंद राहू दे. म्हणाला, "मासळी काय तुझा बाप ठेवणार?"

दोन दिवस काका चाकावरून हलले नाहीत. काकी धापा टाकत बसलेली. तिसऱ्या दुपारी तिचा डोळा लागला, आणि माझी कॉम्प्रेसर बंद करायची वेळ झाली. हाक मारायला तोंड उघडलं नि मिटलं. आत्ता कुठे झोपलीय बिचारी. मी नुसता हात हलवला. काकांनी मान हलवली असं मला वाटलं. बटण दाबलं.

काका काकीकडे बघत होते.

व्होल्टेज उसळलं, दिवे भगभगून पांढरेफटक झाले. काकांनी झडप घालून चाक उतरवलं, तोवर काकीच्या मशीनमधून धूर निघत होता. झाडं बाजूला करत जीप काढली. पुलापर्यंतही काकी टिकली नाही.

आठवड्यात नवं कार्ड आलं. काका मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "दर्शनने हाक मारलीच असणार. माझेच कान गेले." मी गप्प. लाज वाटते, पण गप्प.

काल कानाचं मशीन घ्यायला ते मलाच सोबत घेऊन रत्नागिरीला गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि हसून म्हणाले, "काका, कान अगदी ठणठणीत आहेत तुमचे."

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं.