घटपर्णीचं पाणी

माझे मिस्टर धारूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर किडे खाणाऱ्या घटपर्णीचं चित्र काढलं, पण झाड कधी पाहिलं नव्हतं. किडन्या निकामी होऊन आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा पुण्याच्या लेकीनं खरंखुरं झाड कुरिअरनं पाठवलं. पानांच्या टोकांना बोटाएवढ्या तीन सुरया लटकत होत्या. पहिली मुंगी आत घसरली, तेव्हा त्यांनी मला पोळ्या अर्धवट सोडून बघायला यायला लावलं.

झाडाला आमचं बोअरचं पाणी सोसेना, पानांची टोकं करपली. डायलिसिसच्या मशीनचं पाणी अगदी शुद्ध असतं, हे त्यांनीच तिथल्या टेक्निशियनला विचारून काढलं. मग दर खेपेला पाच लिटरचा कॅन भरून आम्ही एसटीनं आणायचो. मुळाशी शेवाळ ओलं ठेवायचं, पण कुंडीखाली पाणी साचू द्यायचं नाही. खत अजिबात नाही. उन्हाळ्यात कुंडी न्हाणीत खिडकीपाशी ठेवायची आणि दिवसातून दोनदा फवारा मारायचा.

त्यांना मात्र डॉक्टरांनी दिवसाला तीनच पेले पाणी सांगितलेलं, चहा धरून. ते मोजून द्यायचं काम माझं.

मे महिन्यात एका दुपारी मी न्हाणीचं दार ढकललं. ते कुंडीशेजारी पाटावर बसून फवाऱ्याच्या बाटलीतलं पाणी पीत होते.

"अहो, लेकरावानी चोरून पिताय?"

"दोनच घोट घेतले गं. लई कोरड पडलती."

"मरायचंय का तुमाला?"

हेच शब्द होते माझे.  ते बाटलीचं झाकण लावायला गेले, पण आटे बसेनात. मी बाटली हिसकून घेतली आणि कॅन कपाटात कुलपात ठेवला.

चार दिवसांनी बीडला, मशीनला लावायच्या आधीच, त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. "हृदयच थकलं होतं. त्या पाण्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं.

तेरावं झाल्यावर मी कॅन घेऊन एकदा तिथं गेले. त्यांच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. टेक्निशियननं कॅन भरून दिला. ते पाणी पंधरा दिवस पुरलं. नंतर दवाखान्याच्या पायऱ्या मला पुन्हा चढवल्या नाहीत.

फोनवर लेक विचारायची, "बाबांचं झाड कसं हाय?" मी म्हणायचे, "बरं हाय."

श्रावणात ती आली. कुंडीत काळ्या काड्या उरल्या होत्या.

"आई, पावसाचं पाणी तरी धरायचंस."

"धरलं होतं गं, दोन बादल्या," मी म्हणाले. "पण मला पाजवेना."

ती माझ्याजवळ खाली बसली. त्या दुपारची गोष्ट मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितली.